तीन वाजताचा रंग

सुनेने हातातल्या फडक्याने कॅनव्हासवरची रात्र पुसून टाकली. तिसऱ्यांदा. चहाचा कप घेऊन दारात आलेले सासरे म्हणाले,

"बरं केलंस. ती रात्र नव्हतीच. भर दुपारी खिडक्या लावून घेतल्यासारखं वाटत होतं."

ती चमकली. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासऱ्यांशी तिचं बोलणं औषधांच्या वेळा आणि घराची किल्ली यापलीकडे गेलं नव्हतं. चित्रांकडे तर त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि दोन दिवसांवर तिचं पहिलं प्रदर्शन आलं होतं, विषय रात्र.

"मग कशी असते, बाबा?"

सासऱ्यांनी एकतीस वर्षं कागद कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारा केला होता. ते स्टुलावर टेकले.

"काळी नसते. दोनपर्यंत निळी. तीन वाजता तिच्यात हिरवा उतरतो, शेवाळासारखा."

तिने रंग कालवला.

"एवढा शहाणा हिरवा नको. जरा पेंगुळलेला कर."

ती खुदकन हसली. चहा गार झाला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

"समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी पियानो वाजवायचं," ते सांगत राहिले. "रोज तीच संथ चाल. एका जागी हमखास अडखळायचं. खाली माझंही पाऊल उचललेलं तसंच राहायचं. दोन वर्षं! मग एका रात्री ती जागा पार झाली आणि मी फाटकातूनच कडाडून टाळ्या वाजवल्या. वरचा दिवा फट्‌कन गेला."

"रागावले?"

"लाजले असतील. दुसऱ्या रात्री नवी चाल सुरू!"

"अशा चालीला नॉक्टर्न म्हणतात, बाबा. रात्रीच्या चित्रालाही तेच नाव आहे."

"नाव काही का असेना. मला सोबत होती."

संध्याकाळी तिने चित्रात कारखान्याचं फाटक आणि समोरची इमारत काढली आणि दुसऱ्या मजल्यावर पिवळी खिडकी रंगवली, नखाएवढी.

प्रदर्शनात त्या चित्रापुढे गर्दी हलेना. सासरे नवा सदरा घालून बाजूला उभे होते आणि कोणी विचारलं की टाळ्यांचा किस्सा रंगवून सांगत होते. तिसऱ्या वेळी श्रोत्यांत सासूबाईही होत्या. लोक हसले. त्याही हसल्या, मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या,

"म्हणजे तुमच्या तिथं मैफली झडत होत्या! आणि मी मात्र इकडं, एकटे बसले असतील, थंडी वाजत असेल, म्हणून एकतीस वर्षं जागी!"

पुन्हा हशा पिकला. सासरे तेवढे हसले नाहीत.

"तू जागी असायचीस?"

 सासूबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या, फाटकापाशी बोट नेलं आणि म्हणाल्या,

"तुमची खुर्ची कुठं असायची, ते दाखवा आधी."