वाटेवरचा हरभरा

"तुडव की. कुनी धरलंय तुला?" रणधीर बांधावर उभा राहून म्हणाला. "लक्षुमी हाय ती. तुझी हिंमत आसंल तर ठेव पाय."

शिवकांतानं पाय उचलला. उचललेला पाय तसाच राहिला. खाली हरभरा होता. चार पानांवर आलेला, दवानं ओला, काळ्या मातीत मान वर काढून उभा. तिनं पाय मागं घेतला.

रणधीर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला शिवी देता येते. तो नुसता म्हणाला, "बघ. म्हनलं नव्हतं?" आणि फटफटीला किक मारून गेला.

ती शिवी शिवकांताच्या तोंडात राहिली. दिवाळी आली, फराळाबरोबर ती तोंडातच. थंडी पडली, तरी तोंडातच.

पण थांबा. आधी वाट सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पट्टीसाठी ही बाई दोन महिने जळत का होती.

वाट एका बैलगाडीच्या रुंदीची. भूकंपाच्या आधी गाव ओढ्याच्या काठाला होतं. गावातून ही वाट निघायची, रणधीरच्या रानाच्या कडेकडेनं जायची आणि शिवकांताच्या सासऱ्याच्या रानात संपायची. गाव पडलं. नवं गाव अलीकडं सडकेला बसलं. वाट मात्र तिथंच राहिली. लोक सडकेनं यायचे, जुन्या गावाच्या चिंचेपाशी वळायचे आणि वाटेला लागायचे. सासरा त्याच वाटेनं गेला, शिवकांता लग्न होऊन त्याच वाटेनं पहिल्यांदा रानात आली.

यंदा दसऱ्याच्या आधी रणधीरनं त्या वाटेवर ट्रॅक्टर घातला. एका सकाळी वाट होती, दुपारी नव्हती. विचारलं तर म्हणाला, "ती वाट जुन्या गावाची. गाव गेलं, वाट गेली."

दुसरी वाट ओढ्यातून. बाई लुगडं वर खोचून जाईल. गाडी जाणार नाही. मळणी यंत्र तर नाहीच नाही. तूर कापून ठेवली तरी घरी कशी न्यायची? रणधीरला हेच पाहिजे होतं. त्याच्या रानाच्या पोटात तिचं रान खड्यासारखं होतं. "कशाला वढाताण करता," तो तिच्या नवऱ्याला म्हणायचा, "रान मला देऊन मोकळं व्हा की."

काटे टाकले असते तर तिनं उचलून फेकले असते. तारेचं कुंपण केलं असतं तर कापलं असतं. रणधीरनं हरभरा पेरला. या गावात उभ्या पिकावर पाय देणारं माणूस नाही. चोरसुद्धा सरीतून चालतो.

*

साहेब आले. तहसीलचे, शिवकांतानं अर्ज दिला म्हणून वाटेची पाहणी करायला. जीपमधून उतरले, हातात कागद, पायात चकचकीत बूट.

"कुठं आहे वाट?"

"ही की साहेब. तुमच्या फुडं."

"इथं पीक आहे, बाई."

"पिकाच्या खाली हाय."

"खालचं मला कसं दिसणार? जागेवर जे दिसतं ते मी लिहितो." त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. "पीक दिसतंय."

"मग आता ह्या पिकातनं चालत जाऊ म्हंता?"

"तसं करू नका. नुकसानीची तक्रार होईल तुमच्यावर."

रणधीरनं साहेबांना चहाला नेलं. शिवकांता चिंचेखाली उभी राहिली. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं, ते दातानंच फाटलं.

*

नवरा महांतेश उमरग्याला एका शाळेत शिपाई. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. भला माणूस. इतका भला की राग यायचा.

"जाऊ दे," तो म्हणाला.

"कुठं जाऊ दे? जायला वाट हाय का?"

"त्याच्या नादी लागू नकोस गं. त्याच्या घरी साहेब जेवायलेत."

"मग तुमी काय करायलाव? घंटा वाजवायलाव."

महांतेशनं भाकरीचा तुकडा मोडला. कोपऱ्यात सासू रुद्रम्मा शेंगा फोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्येला नको बोलू. त्येचा बा बी आसाच हुता. गाव हाललं तवा बी म्हनला, जाऊ दे."

*

येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, जवळ आली.

आपल्याकडं येळवशीला घरात कोण थांबतं? अख्खं गाव रानात. कडब्याची कोप, छोटी खोपटी, उभी करायची, लक्ष्मी मांडायची, आंबिलीचा बिंदगा, मातीचं मडकं, डोक्यावरून न्यायचा, भज्जी, उंडे, खीर. आणि रानाजवळून जो जाईल त्याला हाक मारायची. वैरी असला तरी. हाक मारली की त्यानं नाही म्हणायचं नाही.

शिवकांता बिंदग्याला चुना लावत होती. हात चुन्यात आणि डोकं हरभऱ्यात. बिंदगा ओढ्यातून कसा न्यायचा? पाय घसरला तर आंबील पाण्यात.

"हरभऱ्याचा ढाळा आला आसंल की आता," रुद्रम्मा सहज म्हणाली. "घाटं भरलं आसतील."

"कुनाचं?"

"कुनाचं बी. आमी ल्हान हुतो तवा येळवशीला कुनाच्या बी रानात शिरायचो अन् ढाळा उपटून खायाचो. एरवी चोरी. त्या दिशी न्हाय. जो न्हाय म्हंतो त्येची लक्षुमी रुसती म्हनायचे. आता बी कोन बोलत न्हाय."

शिवकांताचा चुन्याचा हात थांबला.

करडई पेरली असती रणधीरनं, तर संपलं होतं. करडईच्या काट्यात कोण हात घालतो? तूर पेरली असती तरी संपलं होतं. येळवशीला गावानं खायचं पीक एकच. तेच त्यानं पेरलं. हुशार माणूस, गाव लुबाडण्यात मुरलेला. पण हुशारीच्या भरात येळवस विसरला.

ती उठली. चुन्याच्या हातानंच चप्पल घातली.

"कुठं चाललीस?"

"गिरणीवर."

"पीठ कालच आनलंय की."

"बाया आसतील तिथं."

*

गिरणीवर काय बोलणं झालं ते सगळं सांगत नाही. थोडं सांगतो.

"यंदा आंबील माझ्या रानात. समद्यांनी यायचं."

"ओढ्यातनं? लेकरं घिऊन?" दैवशाला म्हणाली. तिचा नवरा रणधीरच्या ट्रॅक्टरवर कामाला.

"ओढ्यातनं न्हाय. वाटंनं. ढाळा खात खात यायचं."

गिरणीचा पट्टा फिरत राहिला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग ज्ञानेश्वरी, शाळेत खिचडी शिजवणारी, हळूच म्हणाली, "उपटून?"

"मग काय, वाकून चरनार हैस?"

हशा पिकला. दैवशाला मात्र हसली नाही. "माझ्या मालकाचं काम जाईल, आक्का."

"तू नको यिऊ मग."

"येनार न्हाय कुटं म्हनले? काम जाईल म्हनले निस्तं." तिनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला. "त्येच्या घरी मी धा वर्स शेन काढलंय. एकदा ढाळा खा म्हनला न्हाय."

शिवकांतानं एकच अट घातली. वाटेच्या बाहेरचं एक रोपटं उपटायचं नाही. आपण वाट मागतोय, त्याचं रान नाही. राग होता, पण हिशेबाचा होता.

*

येळवस.

ऊन कोवळं. जमिनीला भेगा पडलेल्या, भेगांच्या काठावर दव. रणधीरची कोप मोठी, मंडप घातलेला, खुर्च्या, तालुक्याचे पाहुणे. जीप उभी. साहेबही होते.

चिंचेपाशी रुद्रम्मा पुढं. मागं बिंदगा डोक्यावर घेतलेली शिवकांता. तिच्या मागं बाया, बायांच्या मागं माणसं, लेकरं सगळ्यांच्या मधून. महांतेश गाडी घेऊन सगळ्यांत मागं, बैलाच्या शिंगाआड तोंड लपवून.

रुद्रम्मा वाकली. पहिला ढाळा तिनं उपटला. मुळाला माती आली, ती झटकली, घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला. दात नव्हते, तरी चघळला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली.

आणि गाव वाकलं.

उपटायचं, झटकायचं, खायचं, पुढं सरकायचं. हरभऱ्याची आंब ओठांना लागत होती, बोटं चिकट होत होती. जिथून ढाळा निघाला तिथं पाय पडत होता. मागं काळीभोर पट्टी उघडी पडत होती. म्हातारे कडा दाखवत होते: इथवर, इथं आमची गाडी घासायची, त्याच्या पल्याड न्हाय. कुणी पल्याड गेलं की शिवकांता डोक्यावरच्या बिंदग्यासकट वळायची आणि डोळे वटारायची.

रणधीर धावत आला. पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला अष्टगंध.

"काय चाललंय हे?"

सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

"शिवकांता, मी इचारायलाव काय चाललंय."

"येळवस हाय आप्पा," ती म्हणाली. "गाव ढाळा खायालंय. नको म्हंता का? म्हना. समद्यांच्या देखत म्हना, ढाळा खाऊ नका."

रणधीरनं तोंड उघडलं. त्याच्या मागं त्याची स्वतःची आई कोपीपाशी उभी होती, हातात आंबिलीचा तांब्या, आणि मुलाकडं बघत होती. त्यानं तोंड मिटलं.

एवढ्यात साहेब चालत आले. शहराचा माणूस, ढाळा म्हटल्यावर हुरळलेला. खाली वाकून त्यांनी एक जुडगा उपटला, मग दुसरा. खात खात उघड्या पट्टीवरून चार पावलं पुढं गेले, आणखी उपटलं.

"वा, रणधीरराव. घाटे चांगले भरलेत. वर्षातून एकदा असं मोकळं खायला मिळतं."

"खावा साहेब," रणधीर म्हणाला. त्याचा आवाज कोपीतल्या कडब्यासारखा वाळला होता. "खावा."

बुटांचे ठसे काळ्या मातीत उमटत गेले. दोन्ही हातांनी ढाळा खात साहेब सरळ शिवकांताच्या बांधापर्यंत पोचले, तिथं तिनं हाक मारली म्हणून आंबील प्याले आणि त्याच वाटेनं परत गेले. शिवकांता त्यांच्याशी वाटेबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर शिवी बाहेर पडली असती.

*

जेवणं झाली. ओलगे ओलगे म्हणत कोपीभोवती फेरे झाले, ताक शिंपडलं. बाया म्हणाल्या, झालं आक्का, जिंकलीस. महांतेशही म्हणाला, "आता राग सोड."

"उद्या त्येनं परत ट्रॅक्टर घातला तर?"

महांतेशनं मूठभर कडबा बैलांपुढं टाकला.

"गाडी भरा."

त्यानं कापलेली तूर गाडीत घालायला घेतली.

"तुरीनं चाकोरी पडत न्हाय. आधी खाली दगडं भरा. बांधाचे."

"लई जड हुईल. बैलं..."

"जडच पायजे. साहेबाला जागंवर दिसाया पायजे."

महांतेशनं तिच्याकडं पाहिलं. मग सदरा काढून गाडीच्या साटीवर ठेवला आणि पहिला दगड उचलला. त्याच्या पाठीवर घाम आलेला तिनं कितीतरी वर्षांनी पाहिला. रामलिंग, दैवशालाचा नवरा, रणधीरच्या मंडपातून उठून आला आणि दुसऱ्या बाजूनं हात लावू लागला.

दिवस कलताना गाडी निघाली. लोखंडी धाव भुसभुशीत मातीत वीतभर रुतत होती. मागं दोन चाकोऱ्या, खोल, सरळ. बैल फुरफुरत होते. शिवकांता गाडीमागून चालत होती, रिकामा बिंदगा काखेत.

गाडी रणधीरच्या कोपीसमोर आली. पाहुणे अजून हात धूत होते. रानाजवळून माणूस चाललंय, येळवस आहे, हाक मारायला पाहिजे. रणधीरची आई त्याच्याकडंच बघत होती. साहेबही बघत होते. तो खुर्चीतून उठला.

"जेवून जावा, वैनी," रणधीर म्हणाला.

शिवकांता थांबली नाही. गाडीही थांबली नाही.

"प्वाट भरलंय आप्पा," ती म्हणाली. "सकाळधरनं तुमचाच हरभरा खायालाव."