हिकरीचं सरपण

दर डिसेंबरात न्यायाधीश ल्यूशियस हॅडलॉक यांच्या दारात एक गाडी सरपण येऊन पडायचं, आणि ते पाहिलं की त्यांची जेवणावरची वासना उडायची. वाळलेलं, एकसारखं फोडलेलं हिकरीचं लाकूड. आणणारा एमस ट्रिबल. त्याला घोडाचोरीबद्दल सात वर्षांची शिक्षा हॅडलॉक यांनीच दिली होती, आणि तीन वर्षांनी गव्हर्नरांना पत्र लिहून माफीही त्यांनीच मिळवून दिली होती. त्या पत्राचे उपकार एमस फेडत होता. गावाला याचं कोण कौतुक!

कौतुक हॅडलॉक यांना नवं नव्हतं. बावीस वर्षं ते घोड्यावरून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या सात परगण्यांत न्याय देत फिरले. नद्या फुगोत की बर्फ पडो, ठरल्या सोमवारी ठरल्या गावी न्यायालय उघडलं नाही, असं एकदाही झालं नाही. वकील मंडळी त्यांना 'घड्याळ' म्हणत. निवृत्तीच्या मेजवानीत त्यांना भेटही घड्याळाचीच मिळाली. त्याला किल्ली द्यायला ते विसरत, म्हणजे मुद्दामच विसरत.

कारण होतं एमसच्या खटल्याचं. त्या शुक्रवारी दुपारी ज्युरी विचार करायला आत गेली. निकाल एकमताचा होईपर्यंत पंचांना अन्न नाही, विस्तव नाही, अशी जुनी रीत. बाकीचे न्यायाधीश तिच्याकडे काणाडोळा करत. गुपचूप मक्याची भाकरी आत जायची, चार लाकडंही जायची. पण हॅडलॉक यांना सोमवारी पुढच्या गावी पोचायचं होतं, आणि नदीवर बर्फ धरायला लागल्यानं होडी बंद व्हायच्या बेतात होती.

दिवेलागणीला बेलीफ सांगत आला, की अकरा जण 'दोषी' म्हणताहेत, पण खुर्च्या बनवणारा ओबेड विकलिफ अडून बसलाय. घोडा एमसनं बाजारात रीतसर विकत घेतला, हे त्याला खरं वाटतंय. शिवाय त्याला खोकल्यानं धरलंय, तेव्हा थोडं लाकूड द्यावं का?

"एकमत होऊ दे, मग हवं तेवढं दे," हॅडलॉक म्हणाले.

सकाळी एकमत झालं. ओबेड मान खाली घालून उभा होता, आणि त्याची बोटं निळी पडली होती. हॅडलॉक यांनी ती बोटं पाहिली, शिक्षा सुनावली आणि होडी गाठली. मार्चमध्ये ओबेड छातीच्या दुखण्यानं गेला.

गव्हर्नरांना लिहिलेल्या पत्रात यातलं अक्षरही नव्हतं. कैदी सुधारला आहे, दया व्हावी, एवढंच. दया म्हणे! सही करताना त्यांची त्यांनाच लाज वाटली होती, पण त्यांनी सही केली.

यंदा एमसनं गाडी रिकामी केली, आणि परसात जुने ढीग तसेच रचलेले पाहून तो थबकला.

"गेल्या सालच्या लाकडाला हातच लावला नाही की, जज्जसाहेब. ओलं होतं का?"

"नाही रे, चांगलं होतं," हॅडलॉक म्हणाले, आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी एमसच्या बायकोची, केझायाची चौकशी केली.

केझाया अजून बहिणीकडेच होती.

"ती म्हणते, जज्जसाहेबांनी दया केली म्हणून गुन्हा पुसला जात नाही," एमस लाकडाची साल सोलत म्हणाला. "एकालाही जरी तुझं खरं वाटलं असतं, तर मी नांदायला आले असते, म्हणते. पण बाराच्या बारा जण. आणि खरं सांगू? मलाही कधीकधी वाटतं, बारा डोकी चुकतील कशी?"

सगळं निवळेल, असं काहीतरी हॅडलॉक यांच्या ओठावर आलं होतं. आजवर हा माणूस आपल्यामुळे तीन वर्षं तुरुंगात राहिला, एवढंच ओझं त्यांना ठाऊक होतं. त्याचा स्वतःवरचा विश्वासही आपणच काढून घेतला, हे आज कळलं, आणि ते त्यांना सोसवेना.

"बारा नव्हते, अकरा होते," ते म्हणाले. "ओबेड विकलिफला तुझं खरं वाटत होतं. त्याला मी थंडीत कोंडून वळवला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"निकालाच्या आधी."

एमसनं वाकून नुकतंच उतरवलेलं एक लाकूड उचललं आणि परत गाडीत टाकलं. मग दुसरं. हॅडलॉक पायऱ्या उतरून आले आणि त्याच्या जोडीनं लाकडं उचलू लागले. त्यांच्या तळव्यात कुसळं शिरली. एमसनं त्यांना थांबवलं नाही, की त्यांच्याकडे पाहिलं नाही.

गाडी भरल्यावर तो चढून बसला आणि एका बाजूला सरकला.

"बसा. हे तिला तुम्हीच सांगायचं," तो म्हणाला. "तेरा मैल आहे. थंडी आहे, तरी कोट इथंच राहू दे."

हॅडलॉक यांनी कोट काढून पायऱ्यांच्या कठड्यावर ठेवला आणि ते गाडीवर चढले.