अकरा वर्षांचं वाक्य

वाल्मिक परत आलाय, ही बातमी आधी शेजारच्या भिमाबाईला लागली, आणि भिमाबाईला लागली म्हणजे आमलीच्या त्या अख्ख्या चाळीला लागली. त्याची बायको केसरबाई, तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं, रविवारी सकाळी नळावर. दुपारी येऊन जातो, असा निरोप होता. केसरबाईने हंडा घरात आणून ठेवला आणि मनातलं वाक्य एकदा म्हणून पाहिलं.

अकरा वर्षांचं वाक्य होतं ते. त्यांची मुलगी गुड्डी तेव्हा चार वर्षांची, तापाने फणफणलेली. हा औषध आणतो म्हणून चपला घालून गेला तो गेलाच. केसरबाई राखोलीला धाग्याच्या कारखान्यात लागली, आणि जाता-येता, भाकरी थापता थापता, भेटला की त्याला काय बोलायचं ते जुळवत राहिली. पहिल्या वर्षी ते चांगलं लांबलचक होतं, त्यात त्याच्या आईचाही उद्धार होता. मग सासू वारली; मेलेल्या बाईला कशाला, म्हणून तेवढं काढलं. गावाकडच्या, धुळ्याच्या शिव्या इथे परमुलखात बोलून बोलून कोणाशी बोलणार, तशा त्याही गळाल्या. शेवटी उरलं एवढंच : औषध आणलंस का? समोर होता तेव्हा त्याला तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून तू.

तो आला. कपाळ मोठं झालेलं, आवाज बारीक. तंबाखू सोडली म्हणाला. चहा ओतताना ‘बस बस’ म्हणाला. पूर्वी त्याला कपभर चहा कमीच पडायचा. गुड्डीने पाणी दिलं आणि सगळं माहीत असून ‘घ्या काका’ म्हणाली. कोणी तिला दुरुस्त केलं नाही.

कारखान्यात केसरबाईचं काम जांभळ्या दिव्याखाली धाग्याचे कोन, ती निमुळती रिळं, तपासायचं. उजेडात सगळे सारखेच पांढरे. दिव्याखाली एखादा निळसर मारतो, म्हणजे त्याचा लॉट वेगळा. मशीन तेच, माल तोच म्हणावा, नुसते दिवस मध्ये गेलेले. पण कापडात चुकून आला तर रंगवताना पट्टा उठतो. वाल्मिककडे ती तशीच बघत बसली. कानामागचा तीळ तोच. बाकी लॉट निराळा.

“बोल केसर,” तो म्हणाला. “काय बोलायचं ते बोल. ऐकायलाच आलोय मी.”

तिने तोंड उघडलं.

“औषध आणलं का तुम्ही?”

हे ‘तुम्ही’ कुठून आलं, तिलाच कळेना. नवऱ्याला म्हणायचं ते ‘तुम्ही’ हे नव्हतं. अनोळखी माणसाला म्हणतात, ते होतं.

त्याने आठवून पाहिलं. मनापासून, कपाळाला आठ्या घालून. “कसलं औषध?”

मग सांगू लागला, की त्याला त्या दिवशीचं भांडण तेवढं आठवतं. ती दारात उभी राहून चालते व्हा म्हणाली होती, ते शब्द त्याने अकरा वर्षं सोबत बाळगले. केसरबाईला भांडण काही आठवेना. म्हणालीही असेल त्या वेळची केसर. तिला विचारायला आता गाठायचं कुठे?

‘तुम्ही’ ऐकून त्याला मात्र बरं वाटलेलं दिसलं. बायकोने जुना मान ठेवला असं धरून तो सैल बसला, आणि पुढच्या रविवारी येऊ का, म्हणून विचारलं.

“या,” ती म्हणाली. मीटर बघायला येणाऱ्यालाही ती असंच म्हणायची.

तो गेल्यावर गुड्डी पुस्तक घेऊन बसली. केसरबाई कप विसळायला मोरीत गेली आणि सवयीने आत, मनातल्या वाल्मिककडे वळून सांगायला लागली : ऐकलंस का रे, आज एक माणूस आला होता, तुझ्यासारखाच तीळ होता त्याला...

आत कोणी नव्हतं. अकरा वर्षं ज्याच्याशी रोज भांडली, ज्याच्यावाचून तिचा एक दिवस गेला नाही, तो आत्ता त्या माणसाच्या मागोमाग उठून गेला होता. बादलीतल्या पाण्यात तिचा हात तसाच राहिला, कपासकट.