निळं गेट, समोर म्हैस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मागच्या बाजूला पोट सुटलेला. यवतमाळात सुचित्राताई वकिलांच्या ऑफिसात माझी हयात गेली. आलो तेव्हा मला हार घातला, पेढे वाटले. मग बरेच दिवस माझ्यावर अर्ज टाइप झाले, आणि ताई कोर्टात गेल्या की पत्ते खेळले गेले.

२००६ साली मारेगावकडच्या तांड्यावरून सुखीबाई आल्या. त्यांनी पेरलेलं कपाशीचं बियाणं उगवलंच नव्हतं. 'न उगवल्यास भरपाई' ही हमी होती फक्त कंपनीच्या वेबसाइटवर. आणि ती कंपनी चालवून बियाणं विकणाऱ्या कळंबच्या बापूजी शेठनं ग्राहक मंचात सांगितलं, की ती वेबसाइट आपली नाहीच, कोण्या भामट्यानं काढली.

"बियाणं सोताच्या हातानं विकलं, अन् वेबसाइट बेवारस म्हणते!" सुखीबाई कडाडल्या. "वरून मलेच म्हणते, तुले पेरता येत नाही!"

"थांबा मावशी," ताई म्हणाल्या. "वेबसाइटचं नाव घेताना मालकाला नाव-पत्ता नोंदवावा लागतो. ती नोंद कोणालाही पाहता येते."

त्यांनी माझ्यात वेबसाइटचं नाव टाकलं. मी घरघरलो, परदेशात विचारपूस केली आणि नोंद आणून दिली.

नाव भलत्याचंच निघालं. ताईंचा चेहरा पडला. पण पत्ता! आपल्याकडे पत्ता विचारला की माणूस खुणा सांगतो. शेठनं नाव विचारपूर्वक खोटं दिलं होतं. पत्ता मात्र सवयीनं लिहिला, इंग्रजी अक्षरांत: 'कळंब, चिंतामणी मंदिराच्या मागे, निळं गेट, समोर म्हैस बांधली असते.' नोंदी ठेवणाऱ्या परदेशी संस्थेनं म्हैस जशीच्या तशी जपून ठेवली होती.

मंचात ताईंनी विचारलं, "शेठजी, घराचं गेट कोणत्या रंगाचं?"

"निळं. काहून?"

"समोर काय असतं?"

"म्हैस. तिले कायले मधात आणता?"

ताईंनी नोंदीचा कागद पुढे केला. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. शेठनं पाणी मागितलं.

भरपाई मंजूर झाली. "पेरणारीची चूक नाही, असं सायबानं लिहून देल्लं!" म्हणत सुखीबाई नारळ घेऊन आल्या. तो माझ्यावरच फोडायचा त्यांचा बेत ताईंनी मोठ्या शिताफीनं हाणून पाडला.

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात असतो. कोणी मोठी हमी दिली, तर देणारा कोण, हे आधी शोधा. आमच्यावरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा. आणि मला भंगारात द्यायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याला एवढं ठणकावून सांगा: ह्यानं एक केस जिंकून दिली आहे, जरा आदरानं उचल.