पाव अंशाची चूक

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात खडूच्या डब्यामागे पडलेलं जुनं पितळी होकायंत्र म्हणजेच मी. माझी काच तडकली आहे, पण सुई अजून शाबूत आहे.

निजामाच्या राजवटीत मी बन्सीधर नावाच्या मोजणीदाराजवळ होतो. मला बाहेर काढण्यापूर्वी तो सगळ्यांचे विळे, किल्ल्या, खुरपी चाळीस पावलं लांब ठेवायला लावी, कारण लोखंड जवळ आलं की माझी सुई ढळते. गावोगाव माझा शब्द शेवटचा मानत.

१९३८ च्या जानेवारीत आम्ही पेडगावला गेलो. चन्नबसम्मा आणि भुजंग यांच्या शेतांमधला हद्दीचा दगड पुरात वाहून गेला होता. मैलभर दूरच्या दगडापाशी मला ठेवून जुन्या नकाशाप्रमाणे रेषा धरायची होती. चन्नबसम्माच्या सासऱ्यांनी खोदलेली विहीर कोणाकडे राहणार, ते त्या रेषेवर ठरणार होतं.

त्या दिवशी माझी सुई जागेवर राहीना. बन्सीधरची नजर चन्नबसम्माच्या गळ्यातल्या डबीवर गेली; लिंगायत लोक आपलं इष्टलिंग अशा डबीत घालून कायम अंगावर बाळगतात. ती काढून लांब ठेवा, असं त्यानं फर्मावलं.

"चांदीची हाय, साहेब. जीव हाय तवर ती अंगावरून उतरत न्हाई."

"वरून चांदी असंल, काकू," भुजंग हसत म्हणाला. "आत पत्रा निघायचा."

ती डबीसकट चाळीस पावलं दूर जाऊन उभी राहिली. नेमकी तेव्हाच माझी सुई थांबली, पण पाव अंश चुकीच्या जागी. दोष डबीचाच, म्हणून लोकांनी माना डोलावल्या. मैलभरात रेषा पंधरा हात सरकली आणि विहीर भुजंगकडे गेली.

"उद्या पुन्यांदा मोजा," एवढंच ती म्हणाली. उद्या ताडकळसला जायचं आहे, असं सांगून बन्सीधरनं मला मिटलं.

दोन दिवसांनी ताडकळसला मन्मथअप्पा नावाचे व्यापारी माझ्यावर वाकून पाहत होते. त्यांच्या गळ्यात तशीच डबी होती. माझी सुई जराही हलली नाही. बन्सीधर डबीकडे पाहत राहिला, मग त्यानं माझं झाकण लावलं. पेडगावला तो परत गेला नाही. मी आतल्या आत चडफडत राहिलो.

परवा तुमच्या बाई वर्गात सांगत होत्या. सूर्यावर वादळं उठतात, तिथून निघालेले विद्युतभारित कण पृथ्वीपर्यंत येतात, आणि दिवस-दोन दिवस तिचं चुंबकत्व डळमळतं. तेव्हा सुयाही ढळतात; पेडगावला त्या दिवशी तेच झालं होतं. दोष डबीचा नाही, एवढं मला तेव्हाच सांगायचं होतं, पण तोंड नव्हतं.

मित्रांनो, माझी काच बदलली नाहीत तरी चालेल. पण सुई हलली तर आधी माणसावर संशय घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. चन्नबसम्मानं तेवढंच मागितलं होतं.