खालच्या बाथरूमची फरशी

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या आणि त्या चाळीस वर्षांत, एक अपवाद सोडला तर, कुठली फरशी छान दिसेल हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. याचा त्यांना अभिमान होता. नवरा-बायको हातात दोन नमुने घेऊन हमरीतुमरीवर आलेले असायचे, नवरा म्हणायचा, "मिस्त्री, आता तुम्हीच सांगा," आणि मिस्त्री गुडघ्यांवर बसल्या बसल्या मान वर न करता म्हणायचे, "दोन्ही बसतील."

तो एक अपवाद तरुणपणातला. एका बाईंना त्यांनी हिरवी फरशी घ्या म्हणून सांगितलं होतं. ती हिरवी फरशी पुढे त्या घरात सासू-सुनेच्या भांडणाचं कायमचं निमित्त झाली आणि दर भांडणात मिस्त्रींचा उद्धार होऊ लागला. त्यांनी कानाला खडा लावला. उतार किती ठेवायचा, पाणी कुठे मुरेल, सांधा केवढा हवा, हे विचारा, तासभर सांगतील. आवडीनिवडीचं काही विचारलंत तर मूग गिळून गप्प.

अशा माणसाच्या मुलीनं घर घेतलं. तिच्या माहेरी-सासरी मिळून स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच घर. गावाबाहेर ओळीनं बांधलेल्या एकसारख्या दुमजली घरांतलं सतरावं. भिंती उभ्या राहिल्या होत्या, छत घालून झालं होतं आणि आता बांधकाम कंपनीनं एक यादी हातात ठेवली होती. अठ्ठावन्न बाबी. फरशी, नळ, दारांच्या मुठी, ओट्याचा दगड, भिंतींचे रंग, दिव्यांची बटणं. ज्या बाबीवर शनिवारपर्यंत खूण होणार नाही तिथे कंपनी आपल्या पसंतीचं बसवणार. कंपनीच्या पसंतीचं म्हणजे काय, ते मिस्त्रींना चांगलंच ठाऊक होतं. त्यातलं निम्मं त्यांनीच बसवलेलं होतं.

मुलगी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. जावई कचेरीत आकडेमोडीचं काम करायचे आणि घरी आल्यावरही तेच करायचे. अठ्ठावन्न बाबी पाहून माणूस घाबरला असता, जावई खुलले. त्यांनी तक्ता केला. प्रत्येक नमुन्याला दिसण्याचे, टिकण्याचे आणि पुसायला सोपं असण्याचे वेगवेगळे गुण दिले. दारांच्या मुठींवर दोन आठवडे गेले. नवराबायकोत मुठींवरून एकदा एवढं वाजलं की मुलगी बॅग घेऊन वडिलांकडे राहायला आली, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या मुठीला साडेसात गुण मिळाल्यावर परत गेली.

या सगळ्या यादीत मिस्त्रींना एकाच बाबीत रस होता. एकतीस नंबरची. तळमजल्याची खोली : (अ) अभ्यासिका, (ब) झोपायची खोली.

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर दोन भाड्याच्या खोल्यांत एकटे राहायचे. लिफ्ट नव्हती. चाळीस वर्षं ज्या गुडघ्यांवर बसून पोट भरलं ते गुडघे आता जाब विचारत होते. दुसऱ्या मजल्यावर पोचले की ते खाली बसून बुटाची नाडी बांधायचे. बूट बिननाडीचे असले तरी बांधायचे, कारण समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी दार उघडं ठेवून बसलेल्या असत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मिस्त्रींना ती खालची खोली हवी होती. सकाळी उठून जिना न उतरता बाहेर पडायचं, आणि घरात कुणाचा तरी आवाज असावा. यापलीकडे त्यांना काही नको होतं.

पण मागायचं कसं? मुलीनं आपल्या जिवावर घर उभं केलं, आणि बापानं पहिल्याच दिवशी खोलीवर हक्क सांगायचा, हे काही त्यांच्या गळी उतरेना. तिनं विचारलं तर हो म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. एकदा नाही नाही करायचं आणि मग हो म्हणायचं. ते 'नाही नाही' कसं म्हणायचं याचीही त्यांनी मनात तयारी करून ठेवली होती.

तिकडे मुलीची निराळीच पंचाईत होती. आई गेली तेव्हा तिनं वडिलांना आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. मिस्त्री म्हणाले होते, "माझं बरं चाललंय." त्या वेळी ती एकदाच विचारून थांबली, आणि त्यांची नाही नाहीची रीत तिला माहीत नव्हती. दिवसभर ती खिडकीतून परक्या माणसांना बेधडक विचारायची, वय किती, काय होतंय, कधीपासून होतंय. बापाला पुन्हा विचारायचं मात्र तिच्या जिवावर यायचं. पुन्हा नाही म्हणाले तर, ही तिची भीती. पाहुणे म्हणून येतात तेही थांबेल असं तिला वाटायचं.

शुक्रवारी तिघं कंपनीच्या नमुन्यांच्या दालनात गेले. तिथे एक बाई होत्या, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर न थकणारं हसू. जावयांनी त्यांचं नाव 'निवडताई' ठेवलं होतं. मिस्त्री दालनातून फिरले आणि जिथे तिथे बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. दोन फरश्या पोकळ वाजल्या. निवडताईंचं हसू जरा कमी झालं.

"हे आमचे बाबा," मुलगी म्हणाली. "फरशीतलं त्यांना सगळं कळतं."

"मग तर प्रश्नच मिटला. काका, तुमची आवड सांगा."

"दोन्ही बसतील," मिस्त्री म्हणाले. निवडताईंनी नमुना अजून दाखवलाच नव्हता.

दोन तासांत तीस बाबी झाल्या. मग मुलीनं पान उलटलं आणि जरा खाकरली.

"बाबा, या खालच्या खोलीचं काय करावं?"

आता पुढचं वाक्य येणार म्हणून मिस्त्री थांबले. मुलगीही थांबली. तिच्या मते तिनं विचारलं होतं. निवडताई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, आणि जावयांनी तक्त्यात एकतीस नंबरची ओळ शोधून काढली.

"दोन्ही होईल," मिस्त्री शेवटी म्हणाले. "भिंती त्याच. दार तेच."

"ते झालंच हो. पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? घर तुमचं."

मुलीनं ओठ चावला. पण ती मिस्त्रींचीच मुलगी. सरळ रस्ता सोडून तिनं गल्ली धरली. खोलीला लागून असलेलं बाथरूम ही बत्तीस नंबरची बाब होती. तिनं दोन नमुने समोर ओढले. एक राखाडी, खरखरीत, पाय न घसरणारा. दुसरा पांढरा, चकचकीत, दिवा लावला की त्यात तोंड दिसेल असा. तिचा हिशेब साधा होता. बाबांनी खरखरीत म्हटलं की समजायचं, त्यांना यायचंय. मग पुढचं तीच बोलणार होती. तिनं चकचकीत नमुन्यावरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"यातली कुठली घेऊ?"

मिस्त्रींना खरखरीत हवी होती. ओल्या बाथरूममध्ये चकचकीत फरशी बसवणाऱ्यांना ते मनातल्या मनात काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही. पण मुलीचा हात त्या पांढऱ्या फरशीवरून दोनदा फिरलेला त्यांनी पाहिला. आपण खरखरीत म्हणालो तर तिला वाटेल, म्हातारा स्वतःच्या गुडघ्यांची सोय बघतोय. खोली तिनं देऊ केली नाही आणि हा बाथरूमपर्यंत पोचला. त्या विचारानं त्यांचे कान तापले.

"चकचकीत घे," ते म्हणाले. "छान दिसते."

हिरव्या फरशीनंतर मिस्त्रींनी दिलेलं हे पहिलं मत, आणि ते धडधडीत खोटं होतं.

मुलीनं बत्तिसाव्या बाबीवर चकचकीतची खूण केली आणि एकतिसाव्या बाबीवर (अ) भोवती गोल काढला, कागद फाटेल इतक्या जोरात. उरलेल्या सव्वीस बाबी अर्ध्या तासात उरकल्या. ओट्याच्या दगडावरून वाद घालायची जावयांची जय्यत तयारी होती, पण ती "चालेल" म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती वाद न घालता "चालेल" म्हणाली होती, आणि जावई त्यानं घाबरले.

पाच महिन्यांनी घर तयार झालं. मधल्या काळात मुलगी फोन करायची, पण घराचं बोलायची नाही, आणि मिस्त्री विचारायचे नाहीत. त्यांना वाटत होतं, तिला आपण नको आहोत. तिला वाटत होतं, यांना आपण नको आहोत. दोघंही एकमेकांना सांगत होते की तब्येत ठीक आहे.

ताबा घ्यायच्या आधी पाहणी असते. साइटवरच्या सुपरवायझरनं तिघांना दारात गाठलं आणि निळ्या गोल स्टिकरांची एक गुंडाळी दिली. "जिथे दोष दिसेल तिथे एक चिकटवा. मी नोंद करतो. महिन्याभरात दुरुस्त करून देऊ. फक्त दोष कामातला हवा. आवडलं नाही, मन बदललं, असलं चालत नाही."

गुंडाळी साहजिकच मिस्त्रींकडे आली, आणि मिस्त्रींच्या अंगात आलं. स्वयंपाकघरात चार फरश्या पोकळ. चार स्टिकर. जिन्याची एक पायरी सूतभर उंच. गॅलरीचा उतार उलटा, पाणी घरात येणार. सुपरवायझर मागून लिहीत होता आणि त्याची मान खाली खाली जात होती. जावई प्रत्येक स्टिकरला नंबर देत होते. मुलगी भिंतीला टेकून बाबांकडे बघत होती.

शेवटी खालचं बाथरूम. मिस्त्री आत गेले आणि हाताचा आधार घेत सावकाश गुडघ्यांवर बसले. पहिली फरशी वाजवली, दुसरी, तिसरी. नाण्यानं वाजवली. सांधे बोटानं तपासले. मग तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं, थेंब मागे राहिला नाही. ज्यानं ही बसवली त्याचा हात चांगला होता.

"इथे काही सापडणार नाही तुम्हाला," सुपरवायझर म्हणाला. त्याला जरा बरं वाटत होतं.

मिस्त्री उठायला गेले. ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. पडले नाहीत, नळाची दांडी हाताला लागली. ते तसेच एक गुडघा टेकून थोडा वेळ थांबले. मग गुंडाळीतून एक निळा स्टिकर काढला आणि त्या बिनदोष पांढऱ्या फरशीच्या मधोमध चिकटवला.

"इथे काय चुकलं?" सुपरवायझरनं विचारलं.

"इथे मी पडेन."

सुपरवायझरचं पेन कागदावर थांबलं.

"तुम्ही कशाला पडाल?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही कुठे इथे राहणार आहात?"

"राहायचंय मला." मिस्त्री फरशीकडे बघतच बोलले. "तू नाही म्हणालीस तरी चालेल. पण राहायचंय."

"मग त्या दिवशी चकचकीत घे का म्हणालात?"

"तुला आवडली होती. हात फिरवत होतीस ना."

"हात फिरवत होते ती किती घसरते ते बघायला." ती बाथरूमच्या दारातच खाली बसली. नवे कपडे, सिमेंटची धूळ, कशाची पर्वा न करता. "तुम्ही चकचकीत म्हणालात, मला वाटलं, संपलं, तुम्हाला यायचंच नाही. घरी येऊन रडले मी. यांना विचारा."

जावयांनी मान हलवली. त्यांनी त्या रडण्याची कुठे नोंद केली नव्हती, पण त्यांना ते पक्कं आठवत होतं.

"सहा वर्षं वाट बघतेय," ती म्हणाली. "तुम्ही कधी म्हणाल याची."

"मी तू कधी म्हणशील याची बघतोय," मिस्त्री म्हणाले.

सुपरवायझर चुळबुळ करत उभा होता. त्याला अजून एकोणीस नंबरचं घर दाखवायचं होतं. "काका, मला सगळं कळतंय. पण ही फरशी पक्की बसलीय, पाणी बरोबर जातंय. हा कामातला दोष नाही. मी नोंद काय करू?"

मुलीनं नाक पुसलं आणि जावयांकडे पाहिलं. जावयांनी आपला कागद घडी करून खिशात टाकला.

"लिहा, राहणाऱ्याचा पाय घसरतो," ते म्हणाले. "हे घर वापरण्याजोगं नाही."

सुपरवायझरनं लिहिलं, दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कागद लावलेली फळी मिस्त्रींपुढे धरली आणि तळाच्या रेघेवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं : राहणाऱ्याची सही.

मिस्त्री अजून गुडघ्यावरच होते. मुलीनं त्यांना काखेत हात घालून उठवलं, आणि त्यांनी फळी भिंतीला टेकवून सही केली.