डोक्यावरचा चौकोन

शिंप्याचा शर्ट फाटका असला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला वेळ मिळत नाही. पण केस कापणाऱ्याला टक्कल असलं की गिऱ्हाईक आरशात आधी त्याच्याकडे बघतं, मग घाबरून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतं. वीस वर्षं मी हे सोसलं. मग समोर नवं सलून निघालं, आणि त्याच्या मालकाच्या डोक्यावर हे एवढं जंगल! तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं.

म्हणून इस्पितळात केस उगवायच्या नव्या औषधाची चाचणी आहे, माणसं हवी आहेत, असं कळल्यावर मी एकाला अर्ध्या दाढीवर सोडून नाव नोंदवायला पळालो.

डॉक्टरीणबाईंनी अकरा पानांवर सह्या घेतल्या, माझ्या टाळूवर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन आखला आणि कोपऱ्यांवर चार ठिपके गोंदवले. औषध फक्त तेवढ्यातच लावायचं, रोज सकाळी, तीन महिने. तोवर त्या चौकोनाला कात्री-वस्तरा लागता कामा नये. शेवटच्या दिवशी मोजणीबाई ते केस कापून त्यांचं वजन करणार. मोजणीबाई हे नाव मी पाडलेलं. त्यांचं कामच भिंगातून लोकांचे केस मोजायचं.

"मध्ये कुणी कापले तर तुम्ही चाचणीतून बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत टिकलात, तर पुढच्या टप्प्यात औषध सगळ्या डोक्याला."

सगळ्या डोक्याला! मी तिथेच मनातल्या मनात भांग पाडला.

आणि उगवले हो! मोजणीबाईंनी मधल्या भेटीत मोजले: त्रेसष्ट. बाकी डोकं चकचकीत आणि मधोमध हा झुपका, ताठ उभा. बायको म्हणाली, "पाणी रोज घालता की एक दिवसाआड?" गिऱ्हाइकं खुर्चीत बसून खिदळायची. हसा लेको, मी म्हणायचो, तीन महिन्यांनी बघतो तुमच्याकडे.

फक्त अप्पा हसत नव्हते. अप्पा म्हणजे माझे वडील. दुकान मूळचं त्यांचं. म्हातारपणी हात थरथरायला लागला, आणि दोन वर्षांपूर्वी एकाच्या कानाला कात्री लागली. मी त्यांची कात्री घेतली, खणात टाकली, कुलूप लावलं. समजूत घालणं वगैरे काही नाही. तेव्हापासून ते दाराजवळच्या बाकावर बसून माझ्या कामावर नजर ठेवतात. "डाव्या कानामागे एक राहिला रे." आणि खरंच राहिलेला असतो, म्हणून तर जास्त राग येतो.

"काय हे ध्यान," ते माझ्या झुपक्याकडे बघून म्हणायचे. "दुकानाची अब्रू घालवलीस." मी दहा वेळा समजावून सांगितलं. दहाही वेळा "कळलं रे" म्हणाले.

शेवटच्या भेटीच्या आदल्या दुपारी दुकान रिकामं होतं, म्हणून मी खुर्चीत जरा डोळे मिटले. आता माझी एक खोड सांगतो. मी कात्रीच्या आवाजात लहानाचा मोठा झालो. बाकीचे तो आवाज ऐकून सावरून बसतात, मला गाढ झोप लागते.

जाग आली तेव्हा टाळूला गार लागत होतं. आरशात बघतो तर झुपका गायब. मागे अप्पा, खांद्यावर टॉवेल, हातात माझी कात्री. केरसुद्धा काढून झालेला.

"अप्पा! काय केलंत हे!"

"उद्या डॉक्टरांकडे जायचंय ना? असा जाणार होतास चारचौघांत?"

मग मी काय काय बोललो ते विचारू नका. वीस वर्षांचं टक्कल त्या म्हाताऱ्यावर काढलं. "म्हणूनच कात्री काढून घेतली होती तुमची!" हेही बोललो. अप्पांनी केराची बादली ओढली, बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि दिवसभराच्या नऊ डोक्यांचा ढीग त्यावर ओतला.

"वजनच करायचंय ना त्यांना? देतो वेचून."

"नऊ जणांच्या केसांतून? वेड लागलंय का?"

"हा मास्तरांचा, राठ आहे. हा कलप लावलेला. हा तुझा. टोक बघ, कसं निमुळतं. याला जन्मात कात्री लागलेली नाही."

संध्याकाळपर्यंत ते वेचत होते. मी फुरंगटून पाठ फिरवली होती, पण आरशातून सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुडी घेऊन गेलो. मोजणीबाईंनी एकेक केस भिंगाखाली घेतला. "त्रेसष्ट. सगळे तुमचेच." मी टुणकन उठलो! पण डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. औषध बंद, मी बाहेर. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. सगळं डोकं गेलं हो माझं!

शेवटचा फोटो काढताना मोजणीबाई थबकल्या. "हे कापले कुणी? आम्ही मशीन लावतो तरी कोपरे वाकडे येतात." त्यांनी फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. चारही कडा ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ. एक केस वर नाही की खाली नाही. कुठे ओरखडा नाही. रागाच्या भरात मी हे बघितलंच नव्हतं.

"यांनी," मी म्हणालो. अप्पा दाराशी अपराध्यासारखे उभे होते. "अप्पा, हात थरथरतो ना तुमचा?"

"थरथरतो की. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तासभर लागला." मग हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक झोपलेलं होतं म्हणून जमलं."

मला माझीच लाज वाटली. त्यांना कधी कुणी तासभर दिलाच नव्हता.

दुकानात आल्याबरोबर मी खणाचं कुलूप काढलं, त्यांची कात्री त्यांच्या हातात दिली आणि खुर्चीत बसलो. "कानांच्या वर आहेत तेवढे नीट करा."

"वेळ लागेल हं."

"लागू द्या."

खबरदारी म्हणून मी दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. मागे कात्री सुरू झाली, सावकाश, थांबत थांबत. हात खाली कधी आले ते मला माहीत नाही. झोप लागली होती.